पत्ता बदलण्याचा हक्क

औरंगाबादला पैठण गेटजवळ रेडिओ-टेप दुरुस्त करणारं एक जुनं दुकान आहे. मालकांना सगळा मोहल्ला उस्ताद म्हणतो. माझ्या वडिलांचा टेपरेकॉर्डर त्यांनी तीनदा उघडला होता. दीड वर्षापूर्वी मी त्यांच्याकडे एक काळा डबा घेऊन गेलो. घरच्या वायफायवरून गाणी आणि देशोदेशीची रेडिओ केंद्रं वाजवणारं ते यंत्र. बारा वर्षं इमानेइतबारे चाललं आणि एका सकाळी पडद्यावर ‘सेवा उपलब्ध नाही’ एवढी ओळ दाखवून गप्प बसलं. उस्तादांनी डबा उघडला, मल्टिमीटर लावला, कपॅसिटर फुगलेत का ते पाहिलं, हेडफोन कानाला लावून ऐकलं. मग झाकण परत बसवून म्हणाले, ‘‘भाऊ, ह्याच्यात फॉल्टच नाही. फॉल्ट नसलेल्या मशीनला मी काय रिपेर करू?’’

तो प्रश्न मी घरी घेऊन आलो. आजवर आपल्याकडे वस्तू बंद पडायची ती झिजून, जळून किंवा हातातून पडून. कशाने बंद पडली ते सांगणारा माणूस गल्लीत असायचा आणि भाग मिळाला तर ती परत सुरूही व्हायची. माझा डबा धडधाकट होता. त्याची बटणं, पडदा, आवाज सगळं शाबूत होतं. तो ज्याच्या भरवशावर उठत होता ती सेवा कुठेतरी दूर बंद झाली होती, आणि घरात ठेवलेल्या, पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचं आयुष्य तिथे संपत होतं.

अशा डब्यांत गाणी साठवलेली नसतात. आत एक लहानसा प्रोसेसर, आकड्यांतून आवाज घडवणारी एक चिप आणि वायफायची सोय, एवढंच. रेडिओ लावायचा म्हटलं की डबा आधी कंपनीच्या सर्व्हरकडून केंद्रांची यादी मागवतो. यादीतून आपण एक निवडतो, त्याचा इंटरनेटवरचा पत्ता डब्याला कळतो आणि पुढे आवाज थेट त्या केंद्राकडून येतो. त्या आवाजाच्या वाटेवर कंपनी कुठेच नसते. तिचं काम टेलिफोन डिरेक्टरीएवढं. डिरेक्टरी जळाली म्हणून गावातले फोन बंद होत नाहीत. पण या डब्यांना नंबर पाठ करता येत नाहीत, तसे ते घडवलेलेच नसतात. २०२१ साली रेसिव्हा नावाच्या यादी-सेवेचं हेच झालं. चिप बनवणाऱ्या क्वालकॉम कंपनीकडे ती सेवा होती. एप्रिलअखेर ती बंद झाली आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांनी विकले गेलेले कितीतरी इंटरनेट रेडिओ एकदम मुके झाले. केंद्रं मात्र आदल्या दिवशीसारखीच वाजत होती.

माझा भाचा अभियांत्रिकीला आहे. त्याने आमच्या राउटरवर तासभर नजर ठेवली आणि म्हणाला, ‘‘मामा, हा अजून जुन्याच पत्त्यावर पत्र टाकतोय. पत्र परत येतं, हा पुन्हा टाकतो.’’ डबा दर काही सेकंदांनी एकाच नावाच्या सर्व्हरला हाक मारत होता. ते नाव कारखान्यातच त्याच्या आत कोरलेलं होतं. सेटिंगमध्ये आवाज कमी-जास्त करायची, पडद्याचा उजेड बदलायची, गजर लावायची सोय होती. ते एक नाव बदलायची सोय नव्हती.

माझं म्हणणं ते नाव लिहायच्या त्या एका खान्यापुरतं आहे. विकलेल्या वस्तूच्या आत जर कुणाचा पत्ता लिहिलेला असेल, आणि त्या पत्त्यावाचून ती वस्तू चालत नसेल, तर तो खोडून दुसरा लिहिण्याचा हक्क वस्तूच्या मालकाचा आहे. कंपनीने सर्व्हर जन्मभर चालवावेत असं मी म्हणत नाही. सर्व्हरला वीज लागते, माणसं लागतात, आणि धंदा बुडतो तेव्हा बुडतो. पण दुकान बंद करून जाताना गिऱ्हाइकाच्या घराची किल्ली खिशात घालून नेण्याचा अधिकार कुणाला नसावा.

धनी गेला तरी वस्तू चालत राहते, हे या शहराला तरी अनोळखी वाटायला नको. १९४७ साली देशात संस्थानांची पाच रेडिओ केंद्रं होती: म्हैसूर, बडोदा, त्रिवेंद्रम, हैदराबाद आणि आपलं औरंगाबाद. हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन निजामाची. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता गेली, १९५० साली ही दोन्ही केंद्रं आकाशवाणीकडे आली. केंद्राचा धनी बदलला, बातम्यांचा सूर बदलला, राज्य बदललं. ज्यांच्या घरी रेडिओ संच होता त्यांना संचात एक तारही बदलावी लागली नाही. मध्यम लहरी कुणा एकाच्या मालकीच्या नव्हत्या. काटा फिरवला की जे हवेत असेल ते ऐकू यायचं. त्या काळी रेडिओ बाळगायला परवाना लागे, पोस्टात जाऊन दरसाल फी भरावी लागे. सत्तेचा हात घरातल्या संचापर्यंत पोचत होता तो असा, कागदातून. परवान्याची मुदत संपली म्हणून संचाचा काटा जागच्या जागी अडत नव्हता.

अडणारा काटा आपल्याकडे आला तो वर्ल्डस्पेसच्या वेळी. इथिओपियात जन्मलेल्या नोआ समारा यांनी उभी केलेली ही उपग्रह रेडिओची कंपनी. मार्च २०००मध्ये तिचा एशियास्टार उपग्रह आकाशात गेला आणि भारतात घराच्या खिडकीत छोटी अँटेना ठेवून जाहिरातींवाचून संगीत ऐकता येऊ लागलं. ‘गंधर्व’ या वाहिनीवर दिवसरात्र हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत असे. आपल्या भाषांतल्या रसिकांसाठी इतक्या निगुतीने केलेलं काम त्याआधी फारसं कुणी केलं नव्हतं, आणि म्हणूनच तिच्या वर्गणीदारांत सर्वाधिक संख्या भारतीयांची झाली. ए. आर. रेहमान तिचा चेहरा होते. ऑक्टोबर २००८मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातली सेवा थांबली. प्रक्षेपण कुलूपबंद असल्यामुळे, आणि त्या लहरींवर दुसरं ऐकण्याजोगं काही नसल्यामुळे, संच जागेवर थिजले. ज्या जुन्या संचांत साधा एफएम आणि मध्यम लहरी होत्या ते निदान साधे रेडिओ म्हणून उरले. एकाच वस्तूतला जो भाग सर्वांच्या नियमाने चालत होता तो जगला आणि जो भाग एका कंपनीच्या कुलपाने चालत होता तो त्या रात्री गेला, हे मला फार बोलकं वाटतं.

आता चितेगावकडे पाहा. पैठण रस्त्यावरचा व्हिडिओकॉनचा कारखाना म्हणजे मराठवाड्याच्या दोन पिढ्यांचा अभिमान. रंगीत टीव्ही म्हणजे पुणे-मुंबईची गोष्ट नव्हे, तो आपल्या जिल्ह्यात तयार होतो, याचं अप्रूप आम्हाला होतं. ‘बझूंबा’ टीव्ही ज्यांच्या दिवाणखान्यात होता त्यांना तो आठवत असेल. २०१८च्या जून महिन्यात कंपनीचं प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात दाखल झालं. कितीतरी कामगारांच्या घरांवर त्याने कुऱ्हाड आली. ते दुःख या लेखाच्या कक्षेत मावणारं नाही आणि त्याला एका वाक्यात उरकणंही बरोबर नाही. पण टीव्हींचं काय झालं? ते चालत राहिले. केबलवाल्याची वायर कुठल्याही टीव्हीला चालते आणि पिक्चर ट्यूबच्या बाजारात सुटे भाग मिळत होते. कंपनी आजारी पडली म्हणून घरातल्या टीव्हीने मान टाकली, असं झालं नाही.

त्याच घराण्याच्या डीटीएच सेवेचा डबा मात्र दुसऱ्या जातीचा होता. व्हिडिओकॉन डीटूएच २०१८च्या मार्चमध्ये डिश टीव्हीत विलीन झाली आणि सेवा चालू राहिली, म्हणून डबे चालू राहिले. विलीनीकरणाऐवजी टाळं लागलं असतं, तर ते डबे दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या छत्रीला जोडून उपयोग नव्हता. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, एप्रिल २०२०मध्ये शिफारस केली की सेट टॉप बॉक्स कुठल्याही कंपनीच्या सेवेवर चालावा अशाच बनावटीचा असावा. मला हवा असलेला हक्क नेमका हाच आहे, फक्त तो टीव्हीच्या डब्यापाशी थांबू नये.

मग कंपनी गेल्यावर यंत्र जगवता येतं का? येतं, आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण स्क्वीझबॉक्सचं आहे. कॅलिफोर्नियातल्या स्लिम डिव्हायसेस या लहानशा कंपनीने २००१ साली घरच्या नेटवर्कवरून गाणी वाजवणारं आपलं पहिलं यंत्र काढलं. तिने एक शहाणपण केलं. यंत्राला गाणी पुरवणारा सर्व्हर वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर चालेल असा ठेवला आणि त्याचा सगळा कोड पहिल्यापासून खुला ठेवला. २००६ साली लॉजिटेकने ही कंपनी विकत घेतली, २०१२ साली ही यंत्रं बनवणं थांबवलं, आणि २०२४ साली ज्या ऑनलाइन सेवेवर ती नोंदलेली असत तीही बंद केली. यंत्रं मात्र वाजतच आहेत. सर्व्हरच्या कोडला वापरणाऱ्यांनीच लिरियन असं नवं नाव दिलं आणि तो आजही सुधारला जातो. जुन्या लॅपटॉपवर किंवा तळहाताएवढ्या रास्पबेरी पाय संगणकावर तो चालतो. वीस वर्षांपूर्वीचा डबा आजच्या इंटरनेट रेडिओची केंद्रं वाजवतो, कारण सर्व्हर कुठे आहे हे त्याला सांगता येतं.

या यंत्रांचं नशीब सेवा बंद झाली त्या दिवशी ठरलेलं नाही. ते आराखडा काढला त्या दिवशी ठरलं. म्हणून सेवा बंद झाल्यावर कंपनीच्या दारात रागावून उभं राहणं मला अपुरं वाटतं; तोपर्यंत उशीर झालेला असतो. आराखड्यातच पुढचा विचार केल्याचं उदाहरण आमच्या पायाखाली आहे: शहराखालून नहर-ए-अंबरीचे नळ गेलेले आहेत. मलिक अंबरच्या काळात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, डोंगराकडचं पाणी शहरात आणायला ते घातले. वाटेत ठिकठिकाणी उतरायला विहिरीसारखी तोंडं ठेवली आहेत. निजामशाही गेली, मुघल आले, मग आसफजाही आली; ज्याच्या हाती शहर होतं त्याच्या माणसांना त्या तोंडातून उतरून गाळ काढता येत होता. बांधणाऱ्याने आपल्यानंतर कुणीतरी उतरणार हे धरून बांधलं होतं.

आमच्या डब्याला असं तोंड नव्हतं, पण एक फट सापडली. तो इतका जुना होता की सर्व्हरशी बोलताना भाषा सांकेतिक करत नव्हता आणि समोरच्याचं ओळखपत्रही तपासत नव्हता. भाच्याने राउटरला शिकवलं, की डब्याने त्या बंद पडलेल्या सर्व्हरचा पत्ता विचारला तर आमच्या घरातल्या जुन्या लॅपटॉपचा पत्ता सांगायचा. लॅपटॉपवर त्याने एक छोटा प्रोग्रॅम बसवला, जो डब्याला हव्या त्या साच्यात केंद्रांची यादी देतो. यादी म्हणजे आम्ही हाताने लिहिलेली साधी फाइल: एका ओळीत केंद्राचं नाव, पुढे त्याचा पत्ता. तीन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी डबा वाजला तेव्हा आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली आणि काही न बोलता खुर्चीत बसली.

ही युक्ती सगळ्या यंत्रांना लागू पडत नाही, हे सांगितलं पाहिजे. नव्या डब्यांत कुलपं पक्की आहेत. समोरचा सर्व्हर खरा आहे हे डिजिटल प्रमाणपत्रावरून तपासूनच ते बोलतात. ते चांगलंही आहे. पण प्रमाणपत्राला मुदत असते. मार्च २०२५मध्ये गुगलच्या जुन्या क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ यंत्रांतलं दहा वर्षांच्या मुदतीचं प्रमाणपत्र संपलं आणि ठिकठिकाणच्या घरांतली यंत्रं एकाच दिवशी अडली. कुणी ती मुद्दाम बंद केली नव्हती. गुगल जागेवर होतं म्हणून काही दिवसांत दुरुस्ती आली. ज्या कंपनीची पाटीही उरलेली नाही, तिच्या कुलपावर नवी सही कोण करणार? कुलूप जितकं मजबूत, तितकी जाताना किल्ली ठेवून जाण्याची जबाबदारी मोठी.

आणि किल्ली ठेवणं फार खर्चाचं काम नाही. बोस कंपनीने ऑक्टोबर २०२५मध्ये जाहीर केलं की साउंडटच स्पीकरांची क्लाउड सेवा २०२६च्या फेब्रुवारीत बंद होईल. वापरणाऱ्यांनी आवाज उठवला. कंपनीने तारीख मे महिन्यापर्यंत पुढे नेली आणि त्या यंत्रांशी कुठल्या आज्ञांनी बोलायचं याची कागदपत्रं सर्वांसाठी खुली केली. आता कुणीही त्यांच्यासाठी नवं ॲप लिहू शकतो. स्पॉटिफायने मोटारीत लावायच्या आपल्या ‘कार थिंग’ यंत्राबाबत उलट केलं: ९ डिसेंबर २०२४ ही तारीख जाहीर केली आणि विकलेली यंत्रं त्या दिवशी निकामी झाली. एकाच धंद्यातली ही दोन वागणी. त्यातली पहिली कंपनीच्या मर्जीवर न राहता नियम व्हायला हवी.

आपल्या कायद्यात त्यासाठी जागा आहे. कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२(१)(एबी) असं सांगतं, की एखाद्या प्रोग्रॅमशी आपला स्वतंत्र प्रोग्रॅम जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती सहजी मिळत नसेल, तर कायदेशीर वापर करणाऱ्याने ती मिळवणं हा कॉपीराइटचा भंग नाही. २०१२च्या दुरुस्तीने आलेलं ६५अ कलम डिजिटल कुलूप तोडण्याला गुन्हा ठरवतं, पण कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने तोडलं तर. अमेरिकेत १९९८च्या कायद्यामुळे कुलूप तोडायच्या कित्येक कामांसाठी दर तीन वर्षांनी सवलती मागाव्या लागतात. आपला कायदा त्या मानाने माणसाच्या बाजूने झुकलेला आहे. माझ्या भाच्याने केलं ते चोरी नव्हती, हे मी उस्तादांनाही समजावून सांगितलं, कारण त्यांनी तेच आधी विचारलं होतं.

पण मला कुलूप तोडण्याची मुभा पुरेशी वाटत नाही. तोडण्याची वेळ येऊ नये असं वाटतं. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं, आणि २०२५मध्ये वस्तू किती दुरुस्त होण्याजोगी आहे याचा निर्देशांक सुचवणारा अहवाल आला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती, सॉफ्टवेअर अपडेट हे त्याचे निकष आहेत. त्यांत एकाची भर पडली पाहिजे: सेवा थांबल्यावर ही वस्तू काय काय करू शकेल? खोक्यावर हे छापलेलं असावं, सेवा किमान कुठल्या सालापर्यंत चालेल तेही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४पासून सुरक्षा अपडेट किती काळ देणार हे उत्पादकाला सांगावंच लागतं. आणि सेवा बंद करताना शेवटचं अपडेट असं यावं की पत्त्याचा खाना मालकासाठी उघडेल.

यावर सुरक्षेचा आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. अपडेट न मिळणारं यंत्र इंटरनेटला उघडं ठेवणं धोक्याचं. ज्यात माइक किंवा कॅमेरा आहे अशा वस्तूबद्दल मीही हात आखडता घेईन. पण आमचा डबा आता घराबाहेर बोलतच नाही. राउटरने त्याचा बाहेरचा रस्ता बंद केलाय, बाहेरून जे आणायचं ते लॅपटॉप आणतो. कंपनीच्या सर्व्हरवर होता त्यापेक्षा तो आज अधिक सुरक्षित आहे. दुसरा आक्षेप करारांचा: पैसे भरून ऐकायच्या संगीत सेवांशी कंपनीचे करार असतात, ते दुसऱ्याच्या हाती देता येत नाहीत. मान्य. ती गाणी जाऊ द्यावीत. माझ्या स्वतःच्या सीडींवरून उतरवलेल्या नाट्यगीतांना आणि सर्वांसाठी खुल्या असलेल्या रेडिओ केंद्रांना कुणाच्या कराराची गरज नाही.

‘एवढ्याशा डब्यासाठी काय, नवा घ्या’ हे मात्र मला मान्य नाही. ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३पासून लागू आहेत आणि त्यांत कचरा गोळा करून त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. चालती वस्तू एका घोषणेने कचरा होते, त्याची जबाबदारी कुणावर, हे अजून कुठे लिहिलेलं नाही. सारेगामाचा ‘कारवां’ हा गाण्यांचा डबा २०१७ साली आला तेव्हा पाच हजार गाणी आतच भरून दिली होती. घरोघरच्या आजी-आजोबांनी त्याला जवळ केलं त्याचं एक कारण मला हेही वाटतं, की त्याला कुणाची परवानगी मागावी लागत नाही.

हा चार शौकीन लोकांचा प्रश्न आहे असंही कुणी म्हणेल. मग गंगापूर-वैजापूरकडच्या शेतात जाऊन मोटारीचा मोबाईल स्टार्टर पाहा. त्यात कुठल्याही कंपनीचं सिम घालता येतं. शेतकरी घरून फोन लावतो, विहिरीवरची मोटार सुरू होते. एका कंपनीचं नेटवर्क गेलं तर सिम बदलायचं, स्टार्टर तोच. आता त्या जागी ॲपवर चालणारे, कंपनीच्या क्लाउडवर नोंद करावी लागणारे नवे स्टार्टर येत आहेत. रात्री दोनला वीज येते तेव्हा तो सर्व्हर जिवंत असेल का? आणि पाच वर्षांनी? गाण्याचा डबा बंद पडला तर माझी सकाळ सुनी जाते. तिथे उभं पीक असतं. सिमचा खाना शेतकऱ्याच्या हातात आहे तोवर तो निर्धास्त आहे. तो खाना काढून घेतला जातोय, हे त्याला विकताना कुणी सांगत नाही.

उस्तादांकडे मी पुन्हा गेलो तेव्हा काय काय केलं ते सांगितलं. त्यांनी मराठीत लिहून मागितलं. राउटरची जागा, लॅपटॉपचा पत्ता, फाइल कशी लिहायची, असं एका पानावर उतरवून दिलं. ते पान त्यांच्या काउंटरच्या काचेखाली, ट्रान्झिस्टरच्या तक्त्याशेजारी ठेवलेलं आहे. त्यानंतर त्यांच्याकडे असे दोन डबे आले. एक चालू झाला, दुसऱ्याचं कुलूप नव्या पद्धतीचं निघालं.

गेल्या महिन्यात आमच्या डब्याच्या चौथ्या बटणावरचं केंद्र लागेना. त्याचा पत्ता बदलला होता. नवा शोधला, लॅपटॉपवर फाइल उघडून चौथी ओळ खोडली, नवी लिहिली आणि बटण दाबलं. आईने आतूनच विचारलं, ‘‘लागलं का रे?’’